ठाण्याहून नाशिकला: आधी शाळा, मग घर

घोडबंदर रोडला भाड्याचं टू बीएचके, नवरा-बायको दोघंही कमावते, थोरली मुलगी तिसरीत आणि धाकटा ज्युनिअर केजीत. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, पण महिन्यातून चारच दिवस हजेरी. बायको हिशेबाची कामं घरूनच करते. भाडं ३८,००० वर गेल्यावर नाशिकचा विचार पक्का झाला. असा निर्णय घेणाऱ्या घरांचे आकडे आणि अडचणी एकत्र करून हे नमुन्याचं प्रकरण मांडलं आहे. रकमा या कुटुंबाच्या आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नयेत. नियम मात्र खरे आहेत आणि सगळ्यांना सारखेच लागू होतात.

बहुतेक लोक आधी घर बघतात. नाशिकला दोन रविवार काढायचे, दलालाबरोबर सात-आठ फ्लॅट पाहायचे, टोकन द्यायचं आणि मग शेजारच्यांना विचारायचं की इथे शाळा कोणती चांगली. हा क्रम उलटा आहे. भाड्याचं घर वर्षभर कधीही मिळतं. चौथीच्या वर्गातली जागा वर्षातून एकदाच रिकामी होते, तीही कोणी सोडून गेलं तर, कारण शाळेची भरती खालच्या वर्गात झालेली असते. म्हणून या घराने डिसेंबरात शाळांची यादी केली आणि घराचा शोध फेब्रुवारीत सुरू केला.

स्वस्ताई किती खरी

भाडं ३८,००० वरून १७,००० वर येणार, म्हणजे महिन्याला २१,००० वाचणार, असा पहिला हिशेब होता. तो अर्धवट होता. ठाण्यातला बदलू शकणारा खर्च असा: भाडं ३८,०००, मुलीची फी महिन्याला ७,५००, मुलाची ४,०००, मुलीची बस २,५००, इतर प्रवास ३,०००. बेरीज ५५,०००. नाशिकची बाजू: भाडं १७,०००, मुलीची फी ६,०००, मुलाची ४,५००, दोघांच्या बस मिळून ३,६००, नव्या स्कूटरचा हप्ता आणि पेट्रोल ५,५००, ऑफिसच्या दोन खेपा (दोन-दोन दिवसांच्या, एका मुक्कामासह) ५,०००. बेरीज ४१,६००. खरी बचत १३,४००.

यात एक खड्डा लपलेला आहे, तो आयकराचा. नवऱ्याने जुनी करप्रणाली निवडलेली होती. घरभाडे भत्त्यावरची सूट तीन रकमांपैकी सर्वांत कमी असेल तेवढी मिळते: प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा जाता उरणारी रक्कम, किंवा पगाराचा ठरावीक हिस्सा. इथे पगार म्हणजे मूळ वेतन आणि लागू असेल तर महागाई भत्ता. हा हिस्सा मुंबईत ५० टक्के असतो. ठाणे आणि नाशिक दोन्हीकडे ४० टक्केच. (ठाण्यात राहून ५० टक्के धरणारे पुष्कळ आहेत. ते चूक आहे.) मूळ वेतन ७०,००० आणि भत्ता ३५,००० धरला, तर ठाण्यात तीन रकमा येतात ३५,०००, ३१,००० आणि २८,०००. सूट २८,०००. नाशिकला मधली रक्कम १७,००० वजा ७,००० म्हणजे १०,००० वर येते, आणि सूटही तेवढीच राहते. दरमहा १८,००० रुपये नव्याने करपात्र झाले. ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकर धरून त्यावर ५,६१६ रुपये कर जातो. बचत उरली ७,७८४.

नव्या करप्रणालीत ही सूटच नाही, त्यामुळे हा फटकाही नाही. घर बदलायच्या वर्षी दोन्ही प्रणालींनी हिशेब करून पाहावा. कमी भाड्याच्या गावात नवी प्रणाली सरस ठरण्याची शक्यता वाढते.

एकदाच होणारा खर्च वेगळा. सामान हलवणं २८,०००, दलाली एक महिन्याची १७,०००, करारनामा सगळं धरून ३,०००, दोन्ही मुलांची प्रवेश फी आणि अनामत ३५,०००, गणवेश-पुस्तकं १४,०००, दोन्ही घरांचं भाडं एकाच वेळी भरावं लागलं तो एक महिना १७,०००, स्कूटरची सुरुवातीची रक्कम ३०,०००. एकूण १,४४,०००. घराची अनामत परत मिळते म्हणून धरलेली नाही. दरमहा १३,४०० वाचले तर हा खर्च साधारण ११ महिन्यांत निघतो. ७,७८४ वाचले तर साधारण साडेअठरा महिने लागतात. पहिल्याच वर्षी शाळा बदलावी लागली, तर प्रवेश फी, गणवेश आणि पुस्तकं पुन्हा. म्हणजे स्वस्त गावात जाण्याचा फायदा शाळेच्या निवडीवर टांगलेला आहे.

आणि नोकरीवरही. महिन्यातून चार दिवसांची हजेरी ही तोंडी सवलत असेल तर त्यावर घर हलवू नये. नव्या पत्त्यावरून काम करायला हरकत नाही, हजेरी किती दिवस, आणि शहर बदलल्यामुळे भत्त्यात बदल होणार का, हे तिन्ही मनुष्यबळ विभागाकडून ई-मेलवर घ्यावं. पंचवटी एक्स्प्रेसने पास काढून रोज मुंबई गाठणारे नाशिककर आहेत. पण घरात पाच वर्षांचं मूल असताना ती पर्यायी योजना म्हणून धरू नये. तिचा सगळा भार घरी राहणाऱ्या पालकावर पडतो.

तीन शाळा

यादीत शेवटी तीन नावं उरली. पहिली मोठी सीबीएसई शाळा, शहराबाहेर महामार्गालगत, घर कुठेही घेतलं तरी नऊ ते अकरा किलोमीटर, वार्षिक फी १,१०,०००. दुसरी लहान सीबीएसई शाळा, पाथर्डी फाट्याच्या बाजूला, फी ७२,०००, सध्या आठवीपर्यंत. तिसरी जुनी अनुदानित मराठी शाळा, सेमी इंग्रजी वर्ग असलेली, बालवाडी ते दहावी, फी नाममात्र.

तिसरीला या घरात सहज बाजूला सारलं जात होतं, ते योग्य नव्हतं. घरची भाषा मराठी आहे, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर मिळू शकत होती, आणि वर्षाचे लाखभर रुपये वाचले असते. सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. अडचण थोरलीपुरती खरी होती. तीन वर्षं इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलीला चौथीत परिसर अभ्यास आणि शिवचरित्र मराठीतून वाचायचं आणि लिहायचं म्हणजे बोलता येणारी मराठी पुरत नाही. वाचनाचा वेग आणि जोडाक्षरं आड येतात. तिच्यापुढे तिसरीच्या मराठी पुस्तकातला न पाहिलेला धडा ठेवला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. एक पान वाचायला लागलेला वेळ आणि शेवटी विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं, एवढ्यात चित्र स्पष्ट झालं. चार-सहा महिन्यांच्या तयारीने ती सावरली असती, पण गाव, मैत्रिणी आणि माध्यम तिन्ही एकाच उन्हाळ्यात बदलणं जास्त होतं. धाकट्यासाठी मात्र आमच्या मते तीच शाळा सर्वांत चांगली होती. ती न निवडण्याचं कारण दोन मुलं, दोन वेळापत्रकं आणि दोन सुट्ट्यांच्या याद्या एवढंच.

मराठी कुठेच सुटत नाही, हेही इथे सांगायला हवं. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी विषय सक्तीचा आहे. ‘आमच्याकडे मराठी ऐच्छिक’ असं शाळा सांगत असेल तर ती नियम मोडते आहे.

तिन्ही शाळांची कागदी तपासणी घरबसल्या झाली. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो; महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाने शाळा शोधली की कितवीपर्यंत मान्यता, विद्यार्थी किती, शिक्षक किती हे दिसतं. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण दिलं आहे. मात्र हे प्रमाण सगळ्या शाळेवर काढतात, त्यामुळे कागदावर २८ आणि प्रत्यक्ष वर्गात ४५ असं होऊ शकतं. वर्गात जाऊन बाक मोजणं हाच उपाय.

सीबीएसईसाठी आणखी एक पायरी. मंडळाच्या संकेतस्थळावर शाळेचा संलग्नता क्रमांक, संलग्नता कोणत्या वर्षापर्यंत आणि कितवीपर्यंत, हे पाहता येतं. ‘सीबीएसई पॅटर्न’ असा फलक असणं आणि संलग्नता असणं यात फार अंतर आहे. पॅटर्नवाली शाळा एनसीईआरटीची पुस्तकं वापरते, पण मुलाला नववीत मंडळाकडे नोंदवू शकत नाही. दुसऱ्या शाळेच्या बाबतीत संलग्नता होती, नववी-दहावीची परवानगी बाकी होती. थोरली चौथीत असल्याने हातात पाच वर्षं होती, म्हणून ही जोखीम पत्करून हीच शाळा निवडता आली. सातवीतल्या मुलासाठी पत्करू नये.

प्रत्यक्ष भेट शाळा सुटायच्या वेळी ठेवावी. सकाळी अकराला समन्वयक हसतमुखाने फिरवून आणतात. खरी शाळा दुपारी फाटकाशी दिसते. बसमध्ये मुलं किती कोंबली जातात, महिला मदतनीस आहे का (राज्याच्या स्कूल बस नियमांनुसार ती लागते), उशिरा येणाऱ्या पालकांची मुलं कुठे बसतात. शिक्षिकांना विचारण्याचा एकच प्रश्न: तुम्ही इथे किती वर्षं आहात? पहिल्या शाळेत भेटलेल्या शिक्षिकांपैकी एकही दोन वर्षांपेक्षा जुनी नव्हती. इमारत अर्थातच देखणी होती.

फीबद्दल तोंडी आकडा चालत नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीकडून मंजूर व्हावी लागते आणि मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील असते. म्हणून विचारायचं ते असं: मंजुरीचं हे पहिलं वर्ष की दुसरं? दुसरं असेल तर पुढच्या जूनची वाढ आत्ताच अंदाजपत्रकात धरावी. देणगी मागितली तर ती बेकायदा आहे. मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन निवड करणंही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने बंद केलं आहे. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

धाकट्याची जन्मतारीख

मुलगा नोव्हेंबर २०२१ चा. राज्याच्या नियमाने पहिलीसाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, सिनिअर केजीसाठी पाच. म्हणजे जून २०२६ ला सिनिअर केजी, जून २०२७ ला पहिली. केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात, तिथे तो एप्रिल २०२८ पर्यंत थांबला असता. काही खासगी शाळाही स्वतःची आधीची तारीख धरतात. ऑगस्ट ते डिसेंबरात जन्मलेल्या मुलांची सगळ्यात जास्त ओढाताण याच फरकामुळे होते: एका शाळेत ज्युनिअर केजी पूर्ण केलेलं मूल नव्या शाळेत पुन्हा ज्युनिअरला बसतं. यादीतल्या दुसऱ्या शाळेने हा प्रश्न ई-मेलवर स्पष्ट केला आणि सिनिअर केजी दिलं.

तिथेच दुसरी गाठ निघाली. पूर्वप्राथमिक विभाग वेगळ्या इमारतीत, वेळही वेगळी. आणि केजीतून पहिलीत जाणं आपोआप होत नाही. काही शाळा पहिलीसाठी नव्याने अर्ज आणि नव्याने प्रवेश फी घेतात. भावंडाला प्राधान्य हे शाळेचं धोरण असतं, पालकाचा हक्क नव्हे. प्रवेशाची पावती घेतानाच ‘पहिलीत थेट बढती, नवी प्रवेश फी नाही’ हे लिहून घेतलं. नंतर कोणी लिहून देत नाही.

वेळापत्रक आणि दाखला

सीबीएसई शाळा एप्रिलच्या सुरुवातीला भरतात, राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर (विदर्भात महिनाअखेरीस). राज्य मंडळाची शाळा निवडली असती तर मे महिनाभर आरामात सामान हललं असतं. इथे मार्चमध्ये परीक्षा, निकाल, दाखला, सामान आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा वर्ग. म्हणून नाशिकचं घर १ मार्चपासून घेतलं आणि ठाण्याचं ३१ मार्चला सोडलं. वर धरलेला जादा भाड्याचा महिना हाच. तो वाचवायला गेलेली माणसं मुलांना पंधरा दिवस नातेवाइकांकडे ठेवतात आणि नव्या शाळेचे पहिले पंधरा दिवस चुकवतात.

ठाण्याच्या शाळेला दाखल्याचा अर्ज नव्या शाळेची पावती हातात आल्यावरच दिला. त्याआधी फी-पुस्तिकेतली सोडण्याची अट वाचावी. पुष्कळ शाळांना लेखी पूर्वसूचना लागते, नाहीतर अनामत जप्त होते.

दाखल्याबद्दल शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सगळे सांगतात, नीट वाचत थोडेच. मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, हे त्यात आहे. पण शाळा बदलून जाण्याचा जो हक्क त्यात दिला आहे, तो सरकारी आणि अनुदानित शाळांत जाण्याचा. खासगी विनाअनुदानित शाळा त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे तिसऱ्या शाळेपुढे हे कलम दाखवता आलं असतं, दुसरीपुढे नाही; तिथे दाखला मुदतीत पोचवणं एवढंच हाती होतं.

दाखला हातात आला की त्याच टेबलाशी उभं राहून वाचावा. नावाचं शुद्धलेखन, आईचं नाव, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, जन्मठिकाण, जात-पोटजातीचा रकाना, पुढच्या वर्गात गेल्याचा शेरा. मूल शाळेत असेपर्यंत जनरल रजिस्टरमधली (शाळेच्या मूळ नोंदवहीतली) चूक मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त होऊ शकते. शाळा सोडल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीची फेरी लागते, आणि तीही दुसऱ्या जिल्ह्यातून. जात प्रमाणपत्र, पासपोर्ट, दहावीचा अर्ज, सगळीकडे हेच रजिस्टर पुढे येतं.

कागदाइतकीच महत्त्वाची ऑनलाइन नोंद. यूडायस प्लसवर प्रत्येक विद्यार्थ्याचा कायम शैक्षणिक क्रमांक असतो. लोक त्याला पेन म्हणतात. जुन्या शाळेने मुलाला तिथून मोकळं केलं नाही तर नव्या शाळेच्या पटावर नाव चढत नाही. मूल वर्गात बसतं, नोंद ठाण्यातच राहते, आणि हे नोव्हेंबरात कधीतरी उघडकीला येतं. दाखल्यासोबत तो क्रमांक लिहून घ्यावा आणि नव्या शाळेच्या कारकुनाला एप्रिलअखेर एकदा विचारावं: नाव ओढून घेतलं का?

घर

शाळा ठरल्यावर घराचा शोध सोपा झाला, कारण नकाशावर छोटाच तुकडा उरला: शाळेपासून चार किलोमीटरच्या आत आणि महामार्गाच्या त्याच बाजूला. दुसरी अट पहिलीपेक्षा मोठी आहे. मुंबई-आग्रा महामार्ग नाशिकला मधोमध चिरत जातो. इंदिरानगर किंवा राणेनगरच्या बोगद्याशी सकाळी शाळांच्या वेळी किती वेळ जातो हे रविवारच्या फेरीत कळत नाही. कामाच्या दिवशी, शाळेच्या वेळेला, स्कूटरवरून जाऊन बघावं. पंचवटीत एक स्वस्त घर होतं. २०२७ च्या सिंहस्थाची कामं आणि गर्दी लक्षात घेऊन ते सोडलं.

करार २४ महिन्यांचा केला. अकरा महिन्यांचा केला असता तर पुढच्या फेब्रुवारीत, मुलाच्या पहिलीच्या तोंडावर, घरमालकाने भाडं वाढवून मागितलं असतं. नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरचं वार्षिक १० टक्के मानीव व्याज मिळून ०.२५ टक्के. इथे भाडं ४,०८,००० आणि ५१,००० अनामतीवर दोन वर्षांचे १०,२००, म्हणजे शुल्क साधारण १,०५० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,०००. उरलेलं करून देणाऱ्याचा मेहनताना. नोंदणीकृत करार हाच पुढे आधारमधल्या पत्त्याला, गॅसला आणि शाळेला पुरावा लागतो, त्यामुळे नोटरीवर भागवू नये.

धाकटा नोव्हेंबर २०२६ ला पाच वर्षांचा होतो. तेव्हा त्याच्या आधारमध्ये बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद घालावी लागते, पाच ते सात या वयात ती मोफत आहे. पत्ता बदल पालकांच्या आधारमध्ये आधी करून घेतला तर मुलाचं काम सुरळीत होतं. पाच-सहा वर्षांच्या दरम्यानचा डीपीटीचा दुसरा बूस्टरही याच वर्षातला. लसीकरण कार्ड खोक्यांत न जाता हातातल्या पिशवीत असावं.

पहिले तीन महिने

थोरलीच्या दोन्ही शाळा सीबीएसईच्या, तरी पुस्तकं सारखी नव्हती. एकीकडे एनसीईआरटी, दुसरीकडे खासगी प्रकाशकांची. जुन्या-नव्या अनुक्रमणिका शेजारी ठेवल्यावर गणितात अपूर्णांक नव्या शाळेत तिसरीतच पुढे गेलेले निघाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज वीस मिनिटांत ती फट बुजते. क्लास लावण्याचं कारण नाही. मराठीचं तसं नाही, तिथे रोज एक पान मोठ्याने वाचणं वर्षभर चालू ठेवावं लागतं.

धाकटा पहिल्या महिन्यात बसमध्ये रडला, हे अपेक्षितच. त्याला दोन आठवडे आईने स्कूटरवर सोडलं, मग एका बाजूने बस, मग दोन्ही बाजूंनी. बसची फी तिमाही भरायची होती, वार्षिक नाही, म्हणून हे परवडलं.

डिसेंबर २०२६ साठी कॅलेंडरवर दोन नोंदी आहेत: पहिलीच्या बढतीचं लेखी आश्वासन शाळेच्या कार्यालयात दाखवून दुजोरा घेणं, आणि आठवीपुढच्या संलग्नतेचं कुठवर आलं ते मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहणं. नववी-दहावीची परवानगी मुलगी सहावी संपवेपर्यंत आली नाही, तर सातवीला शाळा बदलायची, आठवीपर्यंत वाट पाहायची नाही. नववीच्या जागा आठवीच्या मानाने फारच थोड्या निघतात.